‘डीमन स्लेअर’: मान उडाल्यानंतर

आता ‘डीमन स्लेअर’कडे येऊ. कोयोहारू गोतोगे यांची ही मांगा २०१६ ते २०२० या काळात ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात आली. एकूण २३ खंड. कोळसा विकणारा तांजिरो, राक्षस झालेली बहीण नेझुको, तलवार, सूड. साचा तसा जुनाच. मग लोक गुंतले कशात?

युफोटेबल स्टुडिओनं २०१९ मध्ये केलेल्या अ‍ॅनिमेतलं तलवारीभोवती उसळणारं पाणी पुष्कळांना आठवतं. जुन्या जपानी ठशांच्या चित्रांतल्या लाटांसारखं, सुंदरच आहे ते. पण माझ्या मते खरी गंमत मान उडाल्यानंतर आहे. राक्षसाच्या देहाची राख व्हायला थोडा वेळ लागतो ना, तेवढ्यात त्याला आपलं माणूसपण आठवतं. अंगभर हात फुटलेला तो राक्षस बघा. तांजिरोच्या गुरूंचे शिष्य शोधून शोधून खाल्लेला. मरताना त्याला हवा असतो थोरल्या भावाचा हात! आणि तांजिरो, ज्यानं मारलं तोच, तो हात धरतो.

कागदावर हे पान झरकन उलटता येतं. पडद्यावर मात्र तिथं किती थांबायचं हे दिग्दर्शक ठरवतो, आणि तो आपल्याला थांबवतो. तांजिरो देवाला विनवतो, पुढच्या जन्मी याला राक्षस करू नकोस. ही कल्पना आपल्याला काही उलगडून सांगावी लागत नाही.