मामांचा कान आणि अमेरिकेचं सरकार

सॅन अँटोनिओ, टेक्सास : अमेरिकेतल्या माजी सैनिकांना सगळ्यात जास्त प्रमाणात भरपाई कशाची मिळते? साताऱ्याकडे विचारलं तर कुणीही म्हणेल, गोळीची नाहीतर तुटलेल्या पायाची. खरं उत्तर आहे, कान वाजण्याची. टिनिटस, म्हणजे कानातली न थांबणारी शिट्टी, ही इथे मंजूर होणाऱ्या अपंगत्वांत पहिल्या क्रमांकावर आहे.

बरं, ही शिट्टी दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही. ज्याचा कान त्याचाच शब्द! शिवाय कोणत्या कामात किती आवाज, याची यादीच माजी सैनिक खात्याकडे असते आणि तोफखाना तिच्यात वरच्या पट्टीत. आमच्या शेजारचा निवृत्त गोलंदाज एका तपासणीला गेला, शिट्टी कधीपासून वाजते ते सांगितलं आणि दहा टक्के मंजूर. 2025च्या दराने महिना 175 डॉलर.

बहिरेपणाच्या बाबतीत मात्र हेच सरकार कंजूष. आवाजबंद खोलीत बसवून सूर आणि छोटे छोटे शब्द ऐकवतात. निकाल बऱ्याचदा 'शून्य टक्के', म्हणजे बहिरेपण मान्य, पैसे नाहीत. शेजारीणबाईंचं म्हणणं, 'त्या खोलीत ना टीव्ही, ना मी. तिथे कोण बहिरा ठरणार?'

मग अपील. 2019पासून तीन वाटा आहेत: नवा पुरावा द्या, तीच फाइल वरिष्ठाकडून तपासून घ्या किंवा थेट अपील मंडळापुढे जा. मुदत एक वर्ष. अर्ज माजी सैनिकांच्या संघटना फुकट भरून देतात. मंडळाकडे वर्षानुवर्षं लागतात, म्हणून शेजारी सरकारला रोज शिव्या घालतो.

मला त्या शिव्यांचाही हेवा वाटतो. आमचे मामा भारतीय सैन्यात उभी हयात तोफांशेजारी उभे राहिले. लष्कराच्या वैद्यकीय मंडळाने लिहिलं, 'बहिरेपणाचा सेवेशी संबंध नाही.' मग कशाशी, सनई-चौघड्याशी? कागदावर आपणही उदार आहोत. संशयाचा फायदा जवानाला, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली धरमवीर सिंग खटल्यात बजावलंय. पण नियमित निवृत्ती घेतलेल्याला वीस टक्क्यांखाली अपंगत्व पेन्शन नाही. तेवढं भरलं, न्यायाधिकरणात जिंकलंही, तरी सरकार वरच्या कोर्टात हजर! मामांचं तेच झालं.

इथे अपील मंडळाने सैनिकाच्या बाजूने निकाल दिला की खात्याला त्याविरुद्ध कोर्टात जाताच येत नाही. कायद्यानेच बंदी आहे. मामांची हकीकत शेजाऱ्याला सांगितली तर तो दोनदा 'काय?' म्हणाला. पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं, दुसऱ्यांदा पटलं नव्हतं. मग विचारतो, 'सैनिकाविरुद्ध लढणाऱ्या त्या वकिलाची फी कोण देतं?'

म्हटलं, कर भरणारे सगळेच. मामासुद्धा.