भांडवलाच्या दाराशी आपली मुले

मी जालना जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी वाणिज्य शाखेत शिकवतो. मागल्या हिवाळ्यात तास संपल्यावर तीन विद्यार्थी मागे थांबले. एक मंठ्याकडचा, एक अंबडकडचा आणि एक मुलगी भोकरदनची. तिघेही पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, तिघेही आपल्या वस्त्यांतले. मुलीने विचारले, "सर, आम्हाला इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जायचंय. आमचा चान्स किती?"

मी लगेच उत्तर दिले नाही. आठ दिवस मागून घेतले. खोटी आशा दाखवणे हा गुन्हाच. पण "हे आपल्यासाठी नाही" असे सांगणे त्याहून मोठा गुन्हा आहे, कारण आपल्या बापजाद्यांना पिढ्यान्‌पिढ्या तेच सांगण्यात आले. त्या आठ दिवसांत जो हिशेब मांडला तो इथे देत आहे. शिक्षक आणि कार्यकर्ते यांनाही असा प्रश्न विचारला जातोच.

प्रथम हा धंदा काय आहे ते पाहू. आपल्या गावातली बँक म्हणजे पीककर्ज, ठेवी आणि पासबुक. त्या बँकेशी याचे नाते नावापुरते आहे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळ्यांचे कारखाने आहेत आणि आपली कितीतरी माणसे तिथल्या भट्ट्यांपुढे राबतात. समजा, अशा एका कारखान्याला नव्या भट्टीसाठी १०० कोटी रुपये हवेत. मालकाने कर्ज काढले तर धंदा चालो न चालो, व्याज आणि हप्ता चुकत नाही. दुसरा मार्ग म्हणजे कारखान्याच्या मालकीचे लहान लहान वाटे करून, म्हणजेच शेअर काढून, ते लोकांना विकायचे. पण कारखान्याची किंमत किती धरायची? एक शेअर किती रुपयांना द्यायचा? घेणार कोण? सरकारदरबारी कोणती माहिती उघड करायची? ही सारी जुळणी जो करून देतो तो इन्व्हेस्टमेंट बँकर. एका कंपनीने दुसरी विकत घ्यायची झाली तर तो सौदाही तोच जुळवतो. आपल्या कायद्यात त्याला मर्चंट बँकर म्हणतात आणि १९९२ च्या नियमांनुसार त्याला सेबीकडे नोंदणी करावी लागते. पैसेवाला आणि गरजवंत यांची गाठ घालून देण्याची तो फी घेतो. १०० कोटींवर दोन टक्के धरले तरी ते दोन कोटी होतात. या धंद्यातील पगारांचे आकडे ऐकून आपली मुले चक्रावतात, त्या आकड्यांचे मूळ इथे आहे.

आता प्रवेशाचा प्रश्न. या धंद्यात विकायचा माल दोनच प्रकारचा: हिशेब आणि विश्वास. हिशेब अभ्यासाने येतो. विश्वासाचे तसे नाही. तो घराणे, भाषा, ओळखीपाळखी आणि आपल्या देशात जात यांच्या वाटेने चालतो. याचा पहिला दाखला आपल्याच इतिहासात आहे. बाबासाहेब १९१७ साली कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्र शिकून परतले. बडोद्याची नोकरी जातीच्या जाचामुळे सोडून ते मुंबईस आले आणि चरितार्थासाठी त्यांनी शेअर व गुंतवणूक यांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि व्यवसाय बंद पडला. १९१८ साली ते सिडनेहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध प्रसिद्ध झाला आणि १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनव्यवस्थेवर साक्ष दिली. ज्याचा सल्ला बाजाराने नाकारला त्याचाच सल्ला सरकारी आयोगाला ऐकावा लागला. पैशाचा विषय आपल्याला परका आहे असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

शंभर वर्षांत काय बदलले? सुखदेव थोरात हे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासह एक पाहणी केली. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण निरनिराळ्या आडनावांचे अर्ज पाठवले. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दलित आडनावाच्या अर्जाला होकार येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या सुमारे दोन तृतीयांश होती. २०१२ साली देशातील १००० मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ९३ टक्के संचालक उच्च जातींचे निघाले. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून ३.५ टक्के. इन्व्हेस्टमेंट बँकर ज्यांच्याशी सौदे बोलतो ती माणसे हीच. तेव्हा चान्सचा हिशेब मांडताना हा भाग वजा टाकूनच मांडला पाहिजे. मात्र तो व्यवस्थेच्या खात्यावर टाकायचा. तो आपल्या नालायकीच्या खात्यावर टाकून घेण्याची सवय आपल्या मुलांना फार लवकर लागते.

आता दारे एकेक करून पाहू. पहिले दार व्यवस्थापन संस्थांचे. मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँका नव्या माणसांची निवड मुख्यतः मोजक्या संस्थांतूनच करतात: अहमदाबाद, कोलकाता, बंगळुरू येथील आयआयएम आणि अशाच थोड्या. तिथे जाण्यासाठी कॅट ही परीक्षा द्यावी लागते. अनुसूचित जातींना तिथे १५ टक्के, जमातींना साडेसात टक्के आणि इतर मागासांना २७ टक्के जागा आहेत. आपल्या बौद्ध मुलांनी केंद्राच्या नमुन्यातील जातप्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. १९९० च्या दुरुस्तीपासून तो हक्क आपल्याला आहे. पण ऐन वेळी कागद नसला तर हक्क कपाटात राहतो. महाराष्ट्रात नागपूरला २०१५ पासून आयआयएम आहे आणि मुंबईच्या नीटीला २०२३ साली तो दर्जा मिळाला. शिवाय मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज संस्थेत राज्याच्या सीईटीतून जाता येते. या संस्थेला बाजारात वजन आहे.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली अशी की, राखीव जागा प्रवेशापुरती असते; खासगी कंपनीच्या निवडीत आरक्षण नाही. दुसरी अशी की, अनेक कंपन्या दहावी-बारावीचे गुणही पाहतात. दहावीच्या वर्षी ज्याचे आईवडील सहा महिने ऊसतोडीला गेले होते आणि जो गावात आजीपाशी राहून शिकला, त्याचे ते गुण जन्मभर त्याच्या मागे येतात. ही गोष्ट माध्यमिक शाळेच्या शिक्षकांनी वाचावी. चान्स पदवीच्या वर्गात ठरत नाही, त्याचा बराच भाग नववी-दहावीतच ठरून गेलेला असतो.

दुसरे दार सनदी लेखापालाचे, म्हणजे सीएचे. इथे शुल्क त्या मानाने थोडे आणि परीक्षेत आडनाव दिसत नाही. पण माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, निकाल कठीण, आणि प्रत्यक्ष कामाची उमेदवारी कोणत्या कार्यालयात मिळते यावर पुढचे बरेच अवलंबून. २०१२ साली लहान उद्योगांसाठी शेअर बाजारांनी वेगळे मंच सुरू केले. तेव्हापासून लहान कंपन्याही शेअर काढू लागल्या आणि त्यांचे काम करणाऱ्या मध्यम मर्चंट बँकांना हिशेब जाणणारी माणसे लागतात. मला हे दार आपल्या मुलांसाठी पहिल्याहून अधिक खरे वाटते. तिसरे दार सीएफए या परदेशी परीक्षेचे. तिचे तीन टप्पे आहेत आणि शुल्क डॉलरमध्ये. नोकरी लागल्यावर तिचा विचार करावा, आधी नाही.

चौथे दार सरकारी बँकांचे. १९६९ साली १४ आणि १९८० साली ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यांत आरक्षण असल्यामुळेच आपल्यातला पहिला बँक अधिकारी घडला. आयबीपीएस आणि स्टेट बँक यांच्या परीक्षा जालन्यात बसून करता येतात. बार्टीकडून त्यांचे प्रशिक्षणही मिळते. ही इन्व्हेस्टमेंट बँकिंगची नोकरी नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु मोठ्या कर्जांच्या विभागात गेलेला अधिकारी ताळेबंद वाचणे, उद्योगाची किंमत जोखणे, धोका मोजणे हेच काम करतो. स्टेट बँकेची स्वतःची मर्चंट बँकही १९८६ पासून आहे. पोटाची सोय करून पुढची वाट शोधणाऱ्याला हे दार उपयोगी आहे.

पाचवे एक दार आहे, ते केवळ भिंतीवर रंगवलेले. त्याविषयी मला माझी चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका क्लासची जाहिरात आली: "इन्व्हेस्टमेंट बँकिंग, शंभर टक्के नोकरी." मी ती न तपासता सूचनाफलकावर लावली. घनसावंगीकडचा एक मुलगा ती वाचून पुण्याला गेला. फी लाखाच्या घरात. त्याच्या वडिलांनी मुकादमाकडून नेहमीपेक्षा मोठी उचल घेतली. मुलाला नोकरी मिळाली, हे खरे. एका परदेशी बँकेच्या कार्यालयात, दुसऱ्यांनी केलेल्या सौद्यांचे पैसे आले की नाही, शेअर गेले की नाही, हे ताडून पाहण्याचे काम. महिन्याचा पगार पंचवीस हजारांच्या आत. त्याने फोनवर सांगितले, "सर, काम वाईट नाही. पण ज्या कामाचं नाव सांगून फी घेतली, ते हे नाही." आईवडिलांनी ती उचल फेडायला दोन हंगाम ऊस तोडला. शेअरच्या जाहीर विक्रीत कंपनीचे धोके छापून सांगावे लागतात. गरिबाच्या मुलाला क्लास विकताना मात्र धोका कोणी छापत नाही. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: काम सौदा जुळवण्याचे आहे की झालेला सौदा नोंदवण्याचे? उत्तरात टाळाटाळ झाली तर फी भरू नये. शेअर बाजाराचे शिक्षण स्वस्तात घ्यायचे असेल तर सेबीच्याच राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेच्या परीक्षा आहेत आणि त्यांत मर्चंट बँकिंगचीही एक आहे.

आठ दिवसांनी ते तिघे आले. मंठ्याच्या मुलाचे गणित चांगले आणि दहावीचे गुणही चांगले. त्याला म्हणालो, कॅट आणि सीईटी दोन्ही दे, दोन वर्षे धरून चाल. शिष्यवृत्ती आणि स्वाधार योजनेचे अर्ज आजपासून. अंबडच्या मुलावर घराचा भार आहे. त्याला आधी बँकेची परीक्षा सांगितली आणि त्यात कमीपणा नाही हेही सांगितले. मुलीला सीए सुचवले. मोठ्या परदेशी बँकेत थेट जाण्याचा तिघांचा चान्स फार थोडा आहे, हे मी लपवले नाही. पण भांडवलाच्या कामात दहा वर्षांनी बसलेले असण्याचा चान्स थोडा नाही, हेही तितकेच खरे आहे.

मुलगी म्हणाली, "सर, एवढं करून आपल्यातलं एखादंच तिथं पोचणार. मग समाजाला काय फरक पडतो?" प्रश्न रास्त होता. एखादा माणूस मोठ्या पगारावर गेला म्हणून उचलीची पद्धत मोडत नाही. पण कोणत्या उद्योगाला पैसा द्यायचा आणि कोणत्या अर्जावर "पार्श्वभूमी ठीक नाही" असे म्हणायचे, हे जिथे ठरते त्या खोलीत आपले कोणीच नसेल, तर आपल्या उद्योजकाची बाजू तिथे मांडणार कोण? बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ साली मुंबईच्या फोर्टात सिद्धार्थ वाणिज्य आणि अर्थशास्त्र महाविद्यालय काढले. शेअर बाजार त्याच फोर्टात आहे. आपल्या मुलांना कारकुनीपलीकडचे अर्थज्ञान मिळावे, यासाठी ते होते असे मी मानतो.

जालन्याला "सोने का पालना" म्हणतात. त्या पाळण्यात कोणाची मुले झोपली आणि तो हलवणारे हात कोणाचे होते, हे आपल्याला ठाऊक आहे. आता दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही चौघे बसतो. शेअर विकायला काढणाऱ्या कंपन्यांची माहितीपत्रके सेबी सर्वांसाठी खुली ठेवते. त्यांतले एक घेऊन ओळीने वाचतो, ताळेबंदाची बेरीज स्वतः करून पाहतो. पहिल्या गुरुवारी दोन पानेच झाली. गेल्या गुरुवारी अठरा झाली, आणि एका कंपनीने देण्यांचा आकडा कोणत्या तळटीपेत ढकलला होता, तो भोकरदनच्या मुलीने शोधून काढला.