माणसाला जामीन माणूस

बँकेच्या कर्ज-अर्जावर कर्जदाराच्या सहीखाली आणखी एक सही लागते, ती जामीनदाराची. बँकेत अधिकारी म्हणून काढलेल्या वर्षांत अशा शेकडो सह्या मी समोर होताना पाहिल्या. मेव्हणा, साडू, शेजारच्या टेबलावरचा सहकारी, शाळेतला मित्र. पेन हातात घेतल्यावर बरेच जण क्षणभर थांबत. कर्ज आपण घेत नाही, पण हप्ते थकले तर नोटीस आपल्या दारात येणार, हे तेव्हा ध्यानात येई. तरीही बहुतेक जण सही करीत. का, असे विचारले तर उत्तर ठरलेले असे : "माणूस चांगला आहे हो. बुडवणार नाही."

हेच साधे वाक्य तुरुंगात असलेल्या आपल्या माणसाबद्दल उच्चारायची वेळ आली, की जीभ जड होते. मुलगा, भाऊ, नवरा येरवड्याच्या भिंतीआड आहे, हेच आधी कोणाला सांगवत नाही. शेजाऱ्यांना 'तो परगावी गेलाय' असे सांगितले जाते. आणि त्याच वेळी वकील विचारतो, "याच्यासाठी उभे राहणारे कोण आहे?"

या प्रश्नाचे उत्तर किती वेगवेगळे असते, हे समजून घ्यायला मी राहतो त्या हिंजवडीसारखे दुसरे ठिकाण नाही. मुळशी तालुक्यातले हे शेतीचे गाव. म्हातोबाची यात्रा आणि बगाड ही त्याची जुनी ओळख. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एमआयडीसीच्या जमिनींवर संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या आणि एकरांचा हिशेब गुंठ्यांवर आला. आज इथे दोन गावे एकमेकांत मिसळून राहतात. एक सातबाऱ्यावर नाव असलेल्यांचे, दुसरे भाडेकराराच्या कागदावर राहणाऱ्यांचे. पहिल्या गावातला पोरगा एखाद्या मारामारीत अडकला, तर चुलत्याचा सातबारा, पौडच्या तहसील कचेरीतला ऐपतीचा दाखला आणि गाडीभर माणसे कोर्टात हजर होऊ शकतात. दुसऱ्या गावातला, म्हणजे नांदेडहून आलेला कंपनीतला मुलगा किंवा बिहारहून आलेला गवंडी, तशाच कलमाखाली अडकला तर? घरमालक हात झटकतो. ठेकेदार फोन उचलत नाही. जामिनाचा हुकूम दोघांनाही सारखाच मिळतो. पण एक संध्याकाळी घरी जेवतो आणि दुसरा जामीनदार मिळेपर्यंत आतच राहतो.

गंमत अशी, की जामीन या शब्दाचा मूळ अर्थ माणूस असाच आहे. अरबीतून आलेला हा शब्द, 'हमी घेणारा' असा त्याचा अर्थ. जुन्या कारभारात हाजिरजामीन असे, मालजामीन असे आणि वर्तणुकीची हमी घेणारा फेलजामीनही असे. 'मी त्याला जामीन राहतो' असे आपण अजून म्हणतो. कालांतराने माणूस मागे पडला आणि त्याच्या नावावरची मालमत्ता पुढे आली.

हे खटकणारे न्यायमूर्तीही होऊन गेले. १९७८ साली मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. त्याला दहा हजारांचा जामीन मागितला होता. सख्खा भाऊ जामीन राहायला तयार होता. पण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून मॅजिस्ट्रेटने त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या प्रकारावर कोरडे ओढले आणि मोतीरामला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. पुढच्याच वर्षी हुसैनआरा खातून प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी जामीन देताना काय पाहावे याची यादीच दिली. आरोपी किती वर्षे तिथे राहतो, काम काय करतो, घरच्यांशी नाते कसे आहे, आणि त्याच्या भरवशाबद्दल शब्द देणारी समाजातली जबाबदार माणसे कोण आहेत. म्हणजे सातबाऱ्याआधी माणूस पाहा, असेच सांगितले.

याला आता साडेचार दशके उलटली. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती आणि त्यांतली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होती. शंभरातले जवळपास शहात्तर. जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी आत राहणारे त्यांच्यातच असतात. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हुकमानंतर आठवड्यात कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे अनेकदा विलंबाचे कारण असते, तेव्हा अशी अट घालू नये. त्याच वर्षी केंद्राने गरीब कच्च्या कैद्यांच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदतीची योजना आणली. ज्यांच्या घरातले कोणी आत आहे त्यांनी हे माहीत करून घ्यावे. विधी सेवा प्राधिकरणाची मदत गरजूंना मोफत मिळते.

पैशाचा प्रश्न असा काही अंशी सुटेल. पण घरच्यांच्या शब्दाचे काय? 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं' ही म्हण न्यायाधीशांनाही ठाऊक असते. "साहेब, माझा पोरगा असं करणारच नाही" हे वाक्य कोर्टाच्या भिंतींनी इतक्यांदा ऐकलेले असते, की त्याला वजन उरलेले नसते. वजन येते ते कशाने?

पुण्याच्याच इतिहासात याचे उत्तर सापडते. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून लोकमान्य टिळकांना अटक झाली. न्यायमूर्ती बद्रुद्दिन तय्यबजींनी जामीन दिला, द्वारकादास धरमसी हे मुंबईचे धनिक व्यापारी जामीन राहिले. हा झाला हजर राहण्याचा जामीन. पुढे दीड वर्षाची सक्तमजुरी झाली आणि टिळक काही काळ येरवड्यातही होते. तेव्हा विलायतेत एक अर्ज फिरला. त्यावर मॅक्स म्युलर, विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त यांच्या सह्या होत्या. मॅक्स म्युलर टिळकांना कधी भेटलेले नव्हते. 'ओरायन' लिहिणारा संस्कृतज्ञ म्हणून ते त्यांना ओळखत होते. निकाल चूक की बरोबर, हा वाद त्यांनी घातला नाही. हा माणूस कोण आहे, एवढेच त्यांनी सरकारला सांगितले. सप्टेंबर १८९८ मध्ये टिळक मुदतीआधी सुटले.

तिसरा प्रकार १९१६ चा. साठी साजरी होत असतानाच पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. हजेरीचा जामीन, चारित्र्याची ग्वाही आणि भावी वर्तणुकीची हमी, असे तिन्ही प्रकार एकाच माणसाच्या आयुष्यात येऊन गेले.

आपल्या घरातला माणूस लोकमान्य नसतो आणि त्याच्यासाठी मॅक्स म्युलर धावून येणार नसतो. तरी धडा तोच. ग्वाही गुन्ह्याबद्दल द्यायची नसते, माणसाबद्दल द्यायची असते.

कायद्यानेही या ग्वाहीला जागा ठेवली आहे. फौजदारी खटल्यात आरोपीचे चांगले चारित्र्य पुराव्यात घेता येते. वाईट चारित्र्य मात्र, एरवी, आरोपीने स्वतः चांगुलपणाचा दावा केल्यावरच उत्तरादाखल पुढे आणता येते. १८७२ च्या कायद्यातला हा नियम जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. म्हणूनच वकिलाला विचारल्याशिवाय कोर्टात चांगुलपणाचे गोडवे गाऊ नयेत. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे वेगळे ऐकले जाते. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली, जन्मठेप वा फाशीची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात, वय, चारित्र्य आणि परिस्थिती पाहून चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येते. त्यासाठी अहवाल मागवला तर परिवीक्षा अधिकारी घरी, शेजारी, कामाच्या ठिकाणी चौकशी करतो. फाशीच्या प्रकरणांत तर मे २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची कौटुंबिक पार्श्वभूमी आणि तुरुंगातली वागणूक आधी समोर आणण्याचा आग्रह धरला आहे.

अशा वेळी घरच्यांनी काय सांगावे? बँकेत अर्जदाराबद्दल दोन प्रकारची पत्रे येत. एकात 'अत्यंत सचोटीचा, कर्तव्यदक्ष' अशी विशेषणांची माळ असे. दुसऱ्यात लिहिलेले असे : 'माझ्याकडे सहा वर्षे कामाला होता. दोनदा उचल घेतली, दोन्ही वेळा फेडली. बोलायला फटकळ आहे.' आम्ही दुसऱ्या पत्रावर विश्वास ठेवत असू. जे. पी. मॉर्गन या बड्या अमेरिकन सावकाराने १९१२ मध्ये तिथल्या संसदीय समितीपुढे सांगितले होते, की कर्ज देताना पैशाआधी चारित्र्य पाहिले जाते. आणि चारित्र्य विशेषणांतून दिसत नाही, ते दोन वेळा फेडलेल्या उचलीतून दिसते.

आईने, बहिणीने, बायकोनेही असेच सांगावे. बाप आजारी असताना रात्री कोण जागत होते. पगार घरी येत होता की नाही. दारू कधी लागली, सोडायचा प्रयत्न केला होता का. सुटल्यावर तो कुठे राहील, काय काम करील, त्याच्यावर लक्ष कोण ठेवील. दोष सांगितल्याने प्रेम उणे होत नाही, उलट शब्दाला खरेपणा येतो. आणि एक पथ्य मात्र पाळायचे. आपल्या माणसाला उजळ करण्यासाठी फिर्यादीला काळे फासायचे नाही. तिकडेही एक आई असते. तिचे नुकसान मान्य करून जो बोलतो, त्याचेच बोलणे कानात शिरते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ज्या बायकोने मार खाल्ला, ज्या बहिणीला फसवले गेले, तिच्याकडून चांगुलपणाचा दाखला मागणे हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे. शब्द देणे हे प्रेमाचे काम आहे, तो वसूल करायचा नसतो. बँकेतही जामीनदाराला नाही म्हणायचा हक्क होताच.

महाराष्ट्रात या विश्वासाचा एक प्रयोग झाला, तो आपण पडद्यावर पाहिला आहे. औंध संस्थानाने १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची मुक्त वसाहत वसवली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत, कैद्यांनी शेती करायची आणि बायकामुलांसह राहायचे. गदिमांच्या लेखणीतून आणि शांतारामबापूंच्या दिग्दर्शनातून १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' आला तो यावरूनच. कैद्याला बांधून ठेवायला घरचे माणूस भिंतीपेक्षा कमी पडत नाही, हे त्या लहानशा संस्थानाने ओळखले होते.

आजच्या नियमांतही त्याची खूण आहे. शिक्षा भोगणाऱ्याला मिळणाऱ्या रजा दोन, संचित आणि अभिवचन. अभिवचन म्हणजे दिलेला शब्द. इंग्रजीतल्या पॅरोलचा मूळ फ्रेंच अर्थही तोच. आणि नियमांप्रमाणे संचित रजेसाठी कैद्याला घरी ठेवून घ्यायला तयार असलेला आणि जामीन राहणारा नातेवाईक लागतो. पोलीस गावी येऊन विचारतात, "याला घरात घ्याल का?"

हा प्रश्न शेजारीपाजारी ऐकत असताना विचारला जातो. दारात उभे राहून, चारचौघांत, "हो, घेऊ, तो आमचा आहे आणि मुदतीत परत जाईल" असे म्हणणाऱ्या माणसाकडे सातबारा असेलच असे नाही. पण जुन्या अर्थाने खरा जामीन तोच. हिंजवडीच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांपैकी कोणावर उद्या अशी वेळ आली, तर त्याला नावाने ओळखणारा आणि त्याच्याबद्दल चार खऱ्या गोष्टी सांगू शकणारा एक तरी शेजारी असावा. तेवढी ओळख ठेवायला ऐपतीचा दाखला लागत नाही.