साखळी लांबते कशी?

सायकलीची साखळी ‘ढिली पडली’ असे आपण म्हणतो, मिस्त्री ‘लांबली’ म्हणतो. पण पोलाद काही रबरासारखे ताणले जात नाही. मग ही लांबी येते कोठून?

साखळीच्या प्रत्येक सांध्यात एक पिन आणि तिच्याभोवती एक बुश असते. दातेरी चाकावर चढता-उतरताना सांधा वाकतो, पिन बुशात घासते आणि केसाहूनही बारीक फट पडते. एका सांध्याची फट डोळ्यांना दिसत नाही, पण शंभर सांध्यांची बेरीज झाली की साखळी लोंबू लागते. किरकोळ खर्चाचा आकडा महिनाअखेरीस कळतो, त्यातलाच हा प्रकार!

हान्स रेनॉल्ड याने मँचेस्टरमध्ये १८८० साली या जातीच्या साखळीचे पेटंट घेतले. आपल्या आकुर्डीहून १९७२ पासून बाहेर पडलेल्या ‘चेतक’ स्कूटरला साखळी नव्हती. तिचे मागचे चाक दातेरी चक्रेच फिरवीत. २००१ साली ‘पल्सर’ मोटारसायकल आली आणि आकुर्डी-चाकणच्या रस्त्यावर घरोघरी साखळीची काळजी आली.

हौशी मंडळी आगगाडीच्या इंजिनांचे जे मोठे नमुने बांधतात, त्यांतही मोटारीची ताकद चाकांपर्यंत नेण्याचे काम पुष्कळदा साखळीच करते. तेथे तिचे हाल अधिक. जागा अपुरी, म्हणून दातेरी चाक लहान घ्यावे लागते. २४ दातांच्या चाकावर सांधा १५ अंशांत वाकतो, तर १२ दातांच्या चाकावर ३० अंशांत. म्हणजे घासणे दुप्पट. त्यात साखळी जमिनीलगत. रुळांमधली धूळ तेलात मिसळली, की वंगणाचेच घोटकागदासारखे काम सुरू होते.

झीज मोजणे मात्र सोपे आहे. सायकलीच्या साखळीवर फूटपट्टी धरा. पट्टीचे शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवले, तर नव्या साखळीत पुढची २४ वी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे गेली, तर साखळी बदलावी. आठव्या भागाने गेली, तर दातही खाल्ले गेले असे समजावे. ते हळूहळू वाघनखांसारखे वाकतात. अशा दातांवर नवी साखळी चढवणे म्हणजे नवे पैसे जुन्या खड्ड्यात घालणे होय.

निगा म्हणाल तर एवढीच: आधी चिंधीने मळ पुसावा, मग खालच्या पदराच्या आतल्या बाजूने प्रत्येक सांध्यावर थेंबभर तेल सोडावे आणि वरचे ओघळ पुसून टाकावेत. तेल सांध्यात हवे, बाहेर नको. ढिलेपणा पुस्तिकेत सांगितला असेल तेवढाच ठेवावा. फार ताणलेली साखळी बेअरिंगे खाते.

दिवाळीच्या साफसफाईत घरचे वाहन पुसायला मुले हौसेने पुढे येतात. त्यांना एक गोष्ट आधी सांगावी. मोटारसायकल चालू ठेवून, चाक फिरत असताना साखळीला चिंधी लावू नये. चिंधीबरोबर बोटेही दातांत ओढली जातात. नमुन्याच्या गाडीत मुलांना बसवण्यापूर्वीही साखळी पाहावी. मोटारीच्याच जोरावर गाडी थांबत असेल, तर उतारावर साखळी तुटताच तो रोधही जातो. म्हणून अशा गाडीला चाकांवर दाबणारा स्वतंत्र ब्रेक असावाच.