बाजार पडला, तेव्हा कोण काय करत होतं?

सप्टेंबर 2024 मध्ये निफ्टी या शेअर निर्देशांकाने 26,277 चा उच्चांक गाठला आणि मग सलग पाच महिने घसरण! मार्च 2025 च्या सुरुवातीला तो 22,000 च्या आसपास आला होता.

या काळात तीन गट तीन प्रकारे वागले 👇

🔻 परदेशी संस्था : एकट्या ऑक्टोबरमध्ये शेअर बाजारातून सुमारे 94 हजार कोटी रुपये काढले.

🔹 देशी संस्था : त्याच महिन्यात एक लाख कोटींहून जास्त खरेदी. यामागचं एक बळ म्युच्युअल फंडांत दरमहा ठरलेल्या हप्त्याने येणाऱ्या एसआयपी गुंतवणुकीचं. ऑक्टोबरमध्ये या गुंतवणुकीने प्रथमच 25 हजार कोटींचा टप्पा ओलांडला.

🔸 किरकोळ गुंतवणूकदार : जानेवारी 2025 मध्ये सुमारे 56 लाख नव्या एसआयपी सुरू झाल्या, पण 61 लाख बंद झाल्या किंवा मुदत संपून थांबल्या.

गंमत म्हणजे घसरणीत त्याच हप्त्यात जास्त युनिट्स मिळतात. एसआयपीचा खरा फायदा तिथेच असतो. पण हा फायदा मिळायला वेळ लागतो, म्हणून वर्ष-दोन वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये ठेवू नका आणि दहा वर्षांसाठी लावलेला पैसा लाल आकडे पाहून काढू नका.

तुम्ही त्या वेळी काय केलंत? कमेंटमध्ये सांगा.