पडद्यावरचा अर्ज आणि मापाची निवड



शाळेत मुलाचे नाव नोंदवायचे असो की पीकविम्याचा अर्ज करायचा असो, आज कागदाऐवजी पडद्यासमोर बसावे लागते. पडद्यावर चौकटी आखलेल्या असतात, त्यांत अक्षरे भरायची. या चौकटी कोणत्या मापाने आखाव्यात हा प्रश्न अर्ज तयार करणाऱ्या कारागिराचा. पण त्याचे माप चुकले की त्रास होतो तो भरणाऱ्याला.

आपल्या माढा तालुक्यातले कुर्डुवाडी घ्या. या नावात खाली दोन उकार, वर रफार आणि वेलांटी. चौकटीची उंची बेताची ठेवली तर वरचे-खालचे सगळे कापले जाते आणि डोळ्यांना दिसते 'कडवाडा'! यंत्राने नाव बरोबर घेतलेले असते, पण भरणारा गोंधळून पुन्हा पुन्हा खोडत बसतो. आणि खरोखरच उकार राहिला असेल तर तेही कळत नाही. खातेदाराच्या नावातली एक मात्रा चुकली तर किती खेटे घालावे लागतात, हे तुम्हांला सांगायला नको.

आता हे होते कसे? पडदा बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. सोलापुरी चादरीचे फूल आधी चौकटींच्या कागदावर काढतात. तिथे एकेक घर म्हणजे धाग्याचा हिशेब. घरे तेवढीच ठेवून सूत बारीक घेतले, तर फूल लहान होते. पडद्याचेही तसेच. १९८४ साली आलेल्या मॅकिंटॉश संगणकावर इंचात ७२ ठिपके होते. आजच्या कित्येक मोबाइलवर ४०० हून जास्त असतात. १४४ ठिपक्यांची चौकट तिथे दोन इंच भरेल, इथे जेमतेम तीन सूत!

यावर तोड म्हणून इंटरनेटच्या पानांवर पिक्सेल म्हणजे इंचाचा ९६वा भाग, असे ढोबळ मानतात. त्यामुळे चौकट आक्रसायची थांबली. तरी एक अडचण उरलीच. आजोबांनी दिसावे म्हणून अक्षर मोठे केले, तर अक्षर वाढते आणि चौकट आहे तेवढीच राहते.

मग माप घ्यावे कशाचे? अक्षराचेच! छापखान्यात खिळे जुळवणारे 'एम' हे माप वापरत. अक्षराचा जो आकार, तोच एक एम. विंडोजच्या जुन्या कारागिरांनीही हेच ओळखले होते. अक्षराच्या सरासरी रुंदीचा चौथा हिस्सा आडवे माप आणि उंचीचा आठवा हिस्सा उभे माप, असे ते धरत. अक्षर वाढले की चौकट आपोआप वाढते.

मात्र प्रत्येक ठिकाणी एकच माप चालवू नये. चौकटीची उंची आणि ओळींतले अंतर एममध्ये द्यावे, आणि मराठीसाठी हात थोडा सैल सोडावा. रुंदी पडद्याच्या टक्केवारीत द्यावी, म्हणजे मोबाइलवर अर्ज बाहेर जात नाही. कडेची बारीक रेघ पिक्सेलमध्ये चालते. अर्ज छापायचाच असेल तर मिलिमीटर उत्तम, कारण ए-फोर कागद सगळीकडे २१० बाय २९७ मिलिमीटरच असतो.

इंटरनेटच्या सुलभतेच्या २००८ सालच्या नियमांत म्हटले आहे, की अक्षर दुप्पट केले तरी मजकूर वा काम हरवता कामा नये. ही परीक्षा गुरुजींना शाळेतही घेता येईल. अर्ज उघडा, अक्षर दुप्पट करा, 'कुर्डुवाडी' लिहा. सगळ्या मात्रा दिसल्या आणि शेवटचे 'जतन करा' हे बटण हाताशी आले, तर माप बरोबर. नाही तर तसे कळवा. दोष तुमच्या डोळ्यांचा नाही, चौकटीचा आहे.