‘मॅपिंग फाइल काय, पुन्हा बनवू’

अँड्रॉइड अ‍ॅप करणाऱ्या टीममध्ये एक वाक्य सतत कानावर येतं : ‘मॅपिंग फाइल कशाला जपायची? लागलीच तर जुना कोड काढून पुन्हा बिल्ड करू.’ असं होत नाही. हे कितीदा सांगायचं!

रिलीज बिल्ड करताना आर-८ हे टूल (२०१९ पासून प्रोगार्डच्या जागी हेच चालतं) न लागणारा कोड काढून टाकतं आणि उरलेल्या क्लास-मेथडची नावं आखूड करतं. ‘पेमेंटमॅनेजर’चं ‘ए.बी’ होतं, ‘सबमिट’चं ‘सी’. मग अ‍ॅप क्रॅश झालं की रिपोर्टमध्ये दिसतं नुसतं ‘ए.बी.सी, ओळ ७’. मूळ नाव कोणतं, मूळ ओळ कितवी, हे मॅपिंग फाइलमध्ये नोंदलेलं असतं. रीट्रेस हे टूल ती वाचून रिपोर्ट पूर्ववत करतं. लहान मेथड मोठीत विरघळवलेली असेल, तर रिपोर्टमधल्या एका ओळीच्या दोन-तीन ओळीही उलगडून देतं.

पण ही नोंद त्या एकाच बिल्डची. कोड तोच असला तरी मधल्या काळात आर-८ची आवृत्ती किंवा एखादी लायब्ररी बदलली, की ‘ए.बी’ हे नाव दुसऱ्याच क्लासला जाऊ शकतं. जुन्या रिपोर्टला नवी फाइल लावली तर रीट्रेस सहसा अडवत नाही. नावं छान वाचता येतात आणि चुकीची असतात! न वाचता येणारा रिपोर्ट परवडला. इथे टीम भलत्याच क्लासमध्ये बग शोधत बसते. शिवाय दर बिल्डला ही फाइल ओव्हरराइट होते, म्हणून प्रत्येक रिलीजची प्रत जपा, असं अँड्रॉइडच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्येच बजावलेलं आहे.

यावर आणखीही वाक्यं ऐकू येतात. ‘मग आर-८ बंदच ठेवू.’ अ‍ॅपचा आकार वाढेल. फाइल जपली तर याची गरजच नाही.

‘प्ले कन्सोलवर फाइल हाताने द्यावीच लागते.’ अ‍ॅप बंडल अपलोड केलं तर ती त्यातूनच जाते. एपीके असेल तर मात्र द्यावी लागते.

‘सी प्लस प्लसच्या क्रॅशलाही हीच फाइल चालते.’ नाही, तिथे नेटिव्ह डीबग सिम्बॉल लागतात.

‘आयफोनवर ही भानगड नाही.’ आहे. तिथे डीसिम फाइल लागते आणि तिचा यूयूआयडी बिल्डशी तंतोतंत जुळावा लागतो.

रिलीजच्या पाइपलाइनमध्येच एक पायरी वाढवा : मॅपिंग फाइल व्हर्जन कोडच्या नावाने खासगी स्टोरेजमध्ये कॉपी करायची. आणि ती झाल्याशिवाय रिलीज पुढे जाऊ देऊ नका.